तुझा अळणी नवस

हितेश, तुझ्या डब्यांचं काय करायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतंस.

फळीवर ते तसेच आहेत. व्हे प्रोटीनचा मोठा काळा, त्याला टेकलेला क्रिएटिनचा बुटका पांढरा, आणि तो लाल, ज्याच्यावर नुसता एक दंड छापलाय, माणूस नाहीच. प्रकाश म्हणाला, खाडीत फेकून येतो. मी म्हटलं, खाडीतल्या माशांनी काय पाप केलंय? तुझा भाऊ हसला नाही. एरवी हसला असता. तेरावं झालं, तुझे शर्ट वाटून टाकले, बूट तुझ्या जिममधल्या केतनने नेले, पण त्या डब्यांना कोणी हात लावत नाही. त्यात खाऊ होता की विष, हे घरात कोणालाच ठरवता येत नाही.

पण आज मी डब्यांवरून भांडायला बसलेली नाही. आईंवरून बसले आहे. तू गेलास त्या दिवसापासून तुझ्या आईने मीठ सोडलंय. डाळ अळणी, भात अळणी, मासळीचं कालवणसुद्धा अळणी. या दिवसांत नुसतं बसलं तरी घामाच्या धारा लागतात. आणि आई तर दिवसभर उन्हात. काल बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीपाशी बसल्या जागी कलंडल्या. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “मीठ-पाणी पोटात जाऊ द्या, नाहीतर यांचंही अवघड होईल.” आईंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली, आणि घरी येऊन पुन्हा अळणी भात जेवल्या. का, ते तुला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं तू गेल्यावर घडलं. ते तुला सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून मी सांगते.

मी घोलवडच्या चिकूच्या वाडीतली. बाबा वाडीत कामाला, त्यामुळे आमच्या घराला पिकल्या फळांचा वास. दोन हजार चौदाला लग्न होऊन तुमच्याकडे आले, तेव्हा सुक्या मासळीच्या वासाने माझा पदर नाकावरून खाली उतरेना. मासळी खाणं वेगळं आणि तिच्यात राहणं वेगळं. माहेरून शिकवून पाठवलं होतं की धाकटा असला तरी दिराला भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं. पहिल्या सकाळी मी म्हटलं, “भाऊजी, चहा घेता?” तू मागे वळून पाहिलंस, कोण पाहुणे आलेत म्हणून. मग म्हणालास, “वहिनी, मला हित्या म्हण, नाहीतर मी चहा पिणार नाय.” परक्या घरात मला पहिल्यांदा हसवलंस ते तू. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिलेच, आणि आता हे असं कागदावर मानावे लागतायत.

तेव्हा तू काडी होतास. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. पुढे मी पाड्यातल्या अंगणवाडीत लागले आणि मुलांची वजनं करायला लागले, तर तू काट्यापाशी येऊन उभा. “माझंही कर, कुठल्या रंगात येतो बघ.” वजनाच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. मी म्हणायचे, “तू तक्त्याच्या बाहेर. तुझ्यासाठी सरकारला नवीन रंग काढावा लागेल.” मदतनीस बाई तोंडाला पदर लावून हसायच्या. तुला ते लागत होतं, हे मला फार उशिरा कळलं. तू कामाला होतास त्या फुग्याच्या कारखान्यातही तुला सगळे ‘फुगा’ म्हणायचे, हवा न भरलेला. हे तू मला सांगितलंस तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. मला वाटतं, मी एकटीच हसले असेन.

मग स्टेशनजवळची जिम. तू पहाटे उठायला लागलास, मित्रांबरोबर ताडीच्या झाडांखाली बसायचं बंद केलंस. आईंचा तर विश्वासच बसेना. तुझ्या बाबांना मी पाहिलं नाही, पण त्यांना काय घेऊन गेलं ते या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही एवढं मला समजतं. आईंनी तुझ्या जिमच्या सरांना ताजं पापलेट पाठवलं होतं, आठवतं? विकायच्या टोपलीतलं निवडून. “माझ्या पोऱ्याला वाचवला त्याने,” म्हणाल्या. त्यामुळे पहिला डबा घरात आला तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. बाटली नाही ना, डबाच आहे, एवढाच घरातल्या सगळ्यांचा विचार. माझाही.

डबे तू वापीहून आणायचास. तिथला दुकानदार “असली माल छे, भाई” म्हणून झाकणावरचं चमकतं स्टिकर नखाने खरवडून दाखवायचा, आणि तू घरी येऊन तसंच मला दाखवायचास. डब्यावरचं इंग्रजी आपण मिळून वाचायचो. मोठी अक्षरं तू, बारीक अक्षरं मी. मोठ्या अक्षरांत ताकद, स्फोट, दम. बारीक अक्षरांत रक्तदाब, हृदय, भरपूर पाणी प्या, डॉक्टरांना विचारा. तू म्हणायचास, “बारीक अक्षर वकिलासाठी असतं वहिनी, आपल्यासाठी नाय.” मी म्हणायचे, “आपल्यासाठी असतं तर गुजरातीत नाहीतर मराठीत लिहिलं असतं.” आणि तू दुधात पावडर खळखळवत अंगणात जायचास. शेजाऱ्यांना तो आवाज पाठ झाला होता.

तू मला शिकवायचास तेही. जोर लावला की स्नायूतली शिल्लक दोन दमांत संपते, क्रिएटिन ती पुन्हा भरतं, म्हणून आणखी एकदा वजन उचलता येतं. तुला ते एक ‘आणखी एकदा’ हवं असायचं. हे क्रिएटिन मासळीतही असतं, हे तू कुठून तरी ऐकून आलास त्या दिवशी मी तुला सोडलं नाही. म्हटलं, “आईच्या टोपलीत फुकट पडलंय आणि तू वापीला जातोस? वा रे वा भाऊजी.” तू म्हणालास, “तेवढं मिळवायला अख्खी टोपली खावी लागेल.” आई आतून ओरडल्या, “मग खा ना, कोण नाय बोलते!”

आपलं खरं भांडण मात्र माझ्या पाकिटांवरून. अंगणवाडीतून घरी न्यायला देतो ती पिठाची पाकिटं, आया न्यायच्या आणि कधी कधी ती कोंबड्यांपुढे दिसायची. तू म्हणालास, “तुझ्या मुलांना माझ्यातलं एक-एक चमचा दे. बघ कशी हिरव्या पट्ट्यात येतात.” मी साफ नाही म्हटलं. तू चिडलास. “मला चालते ते त्यांना का चालणार नाय?” मी म्हटलं, “तुला चालतं हे तुला कोणी सांगितलं?” तू म्हणालास, “आरशाने.” आरसा खरंच तुझ्या बाजूने होता. तुझे खांदे भरले होते, चालण्यात रुबाब आला होता, कारखान्यात ‘फुगा’ बंद होऊन ‘हितेशभाई’ सुरू झालं होतं. ते भांडण तिथेच राहिलं. मला वाटलं होतं पुढे कधीतरी जिंकेन.

आणि मग या चैत्रात ‘ड्राय’ आलं.

तलासरीला हनुमान जयंतीला शरीरसौष्ठव स्पर्धा होती आणि तुला पहिल्यांदा स्टेजवर उभं राहायचं होतं. तू म्हणालास, “वहिनी, आता मला ड्राय व्हायचंय.” मी म्हटलं, “या घरात सगळंच ड्राय आहे. जा वलांडीवर जाऊन लटक.” तू हसलास आणि समजावून सांगितलंस. क्रिएटिनने स्नायू पाणी धरतात, ते बरं. पण कातडीखालचं पाणी गेलं पाहिजे, तेव्हा शीर न शीर दिसते. म्हणून आधी मीठ बंद. मग शेवटी पाणी बंद. मी विचारलं, “आणि माणूस?” तू म्हणालास, “टेन्शन नको घेऊ, सगळे करतात.”

मीठ सोडलंस ते आईंच्या पहिल्याच जेवणाला लक्षात आलं. ज्या घरात ढोमा मासळी खारवायला मिठाच्या गोणी येतात, तिथे पानातलं मीठ बाजूला सारणारा पोरगा लपत नाही. आईंनी तुझ्याकडे पाहिलं, चैत्र चालू आहे हे आठवलं, महालक्ष्मीची जत्रा तोंडावर आहे हे आठवलं, आणि हात जोडले. त्यांना वाटलं तू देवीला अळणीचा नवस बोललायस. बाबांनंतर या घरात देवीला कोणी काही बोललं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते, हितेश. आणि तू काय केलंस? मान खाली घालून भात कालवलास. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणालास, “बरं झालं. आता ती माझ्या पानात चोरून मीठ घालणार नाय.”

मी त्याच दुपारी आईंना सांगितलं. हे तुला माहीत आहे, तू माझ्याशी नंतर बोलत नव्हतास. मी म्हटलं, “आई, नवस-बिवस काही नाही. स्पर्धेसाठी चाललंय. पाणीही सोडणार आहे. त्याला थांबवा.” आईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर हात ठेवला, मासळीचा वास असलेला.

“गप. नवस कोणी सांगते काय? सांगला का फुटला.”

“अहो पण नवस नाहीच आहे.”

“तो तुला नायच बोलणार ना! हाय बोलला तर फुटेल. म्हणून तुला नाय बोलला.”

आता यावर काय बोलायचं, तू सांग. नवस आहे म्हटलं तर आहेच. नाही म्हटलं तर लपवतोय, म्हणजे नक्कीच आहे. मी जेवढं खरं सांगत गेले तेवढा तुझा नवस पक्का होत गेला. मी शेवटी तुलाच पुढे केलं, “सांग आईला.” तू आईंसमोर उभा राहून म्हणालास, “नाय गं आई, नवस नाय.” आणि हसलास. तू कधी खरं बोललास की हसायचास, ही तुझी जुनी खोड. आईंनी तुझ्या गालावरून बोटं मोडली आणि मला डोळ्यांनी दटावलं, बघ, किती सांभाळतोय.

प्रकाशला सांगितलं. तो बोटीवरून थकून आलेला. म्हणाला, “एकदा स्टेजवर जाऊ दे त्याला, मग आपोआप थंड होईल.” तुझ्या सरांना फोन केला. ते अगदी अदबीने म्हणाले, “मॅडम, सगळी मुलं हेच करतात. दोन दिवसांचा तर प्रश्न.” मी अंगणवाडीत आयांना सांगते, मुलाला जुलाब झाले तर पाणी तोडू नका, थोडं थोडं पाजत राहा, जीव पाण्यात असतो. त्या ऐकतात. कुठल्या कुठल्या आया ऐकतात माझं. माझ्या घरात माझं कोणी ऐकलं नाही.

तलासरीला मी आले ती टाळ्या वाजवायला नाही. पिशवीत जलसंजीवनीची पाकिटं आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली घेऊन आले होते. मंडपामागे तुम्ही सगळे उभे होतात, अंगाला तपकिरी रंग फासलेला, वर तेल. उधवा गावच्या एका मुलाच्या पाठीला तू रंग लावून देत होतास, त्याला धीर देत होतास. तू स्वतः इतका सुकला होतास की तुझी प्रत्येक शीर दिसत होती. लोक वा वा म्हणत होते. मला मात्र तक्त्यावरचा लाल पट्टा दिसत होता. तुझे ओठ पांढरे पडले होते.

“हितेश, एक घोट.”

“उतरलो का सगळी बाटली पितो. आता प्यालो तर सगळी मेहनत पाण्यात.”

तुझ्या तोंडून तो विनोद झाला आणि तुलाच हसू आलं. माझ्या समाधानासाठी तू बाटलीतून चूळ भरलीस आणि थुंकून टाकलीस. त्या लाल डब्यातली पावडर मात्र तू तशीच कोरडी जिभेवर टाकलीस, पंप यावा, दंड फुगलेले दिसावेत म्हणून. मी ते पाणी मातीत जिरताना बघत राहिले. बाटली हिसकून तुझ्या तोंडात ओतायला हवी होती असं लोक आता मला म्हणतात. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडात कोण काय ओतणार? तू एका हाताने मला उचलून बाजूला ठेवलं असतंस.

स्टेजवर तू देखणा दिसलास. हे मी तुला सांगणार होते, घरी गेल्यावर, आधी चांगलं झापून मग. तुझं नाव पुकारलं आणि तू दंड वर केलेस, तेव्हा माझ्याही नकळत मी शिट्टी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तुला ऐकू आली का?

उतरताना पायरीवर तुझ्या मांडीत पेटका आला. तू मांडी दाबत हसलास. मग हात छातीवर नेलास. “वहिनी, आत काहीतरी फडफडते.” मी बाटलीचं झाकण काढेपर्यंत तू खाली होतास. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि गाडी वळली की ते निसटत होतं, कारण तुझ्या सगळ्या अंगाला तेल. मी दोन्ही हातांनी धरत होते आणि माझे हात घसरत होते. केतन पायांकडून धरत होता, त्याचेही घसरत होते. एवढं बळ कमावलेलं शरीर, आणि आम्हाला ते धरता येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. नंतर बाहेर येऊन विचारलं, “काय काय घेत होता?” मी डब्यांची नावं सांगितली. तेव्हा केतन रडत रडत म्हणाला, पाणी उतरवायची एक गोळीपण होती. ती मला माहीत नव्हती. डॉक्टर म्हणाले, अंगातल्या क्षारांचं सगळं बिघडलं आणि हृदय थांबलं. मी विचारलं, “कशामुळे? पावडरीमुळे, गोळीमुळे, की पाण्यामुळे?” ते म्हणाले, “नक्की एक सांगता येणार नाही. पावडर घेणारी कितीतरी मुलं धडधाकट आहेत. हे सगळं एकदम झालं.” माणूस चांगला होता. पण मला एक काहीतरी हवं होतं, ज्याच्यावर दगड मारता येईल. तेही मिळालं नाही.

तुझा दुसरा नंबर आला होता. केतन चषक घेऊन आला तर आईंनी तो उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही. त्याच वेळी, दारात सगळे उभे असताना, आई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“तू बोललीस. मी गप बोलली होती. तू बोललीस आणि नवस फुटला.”

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर प्रकाशला सांगतात, मी समोर असले तरी. आणि मीठ खात नाहीत. तुझा नवस अर्धा राहिला, तो त्यांनी आपल्या अंगावर घेतलाय. प्रकाशने विचारलं, “किती दिवस?” तर म्हणाल्या, “त्याने किती दिवसाचा बोलला ते कोणाला ठाऊक हाय? मंग मी मरेपर्यंत.”

बघ, कसं करून ठेवलंयस. नसलेल्या नवसाला मुदत कुठून आणू? डॉक्टरांचं सांगून झालं, प्रकाश पाया पडला, शेजारच्या बायका येऊन गेल्या. मी जलसंजीवनी पाण्यात कालवून ठेवली तर त्यांनी वास घेऊन तांब्या अंगणात उपडा केला. तुझ्या अंगातलं मीठ जाताना मी पाहिलं, आता त्यांच्या अंगातलं जाताना बघतेय. तोच चैत्र, तेच घर, तीच मी, हातात तीच पाकिटं. मला तुझा राग येतो, हितेश. इतका राग येतो की तुझ्यासाठी रडायला बसते आणि शिव्याच तोंडात येतात.

*

वरचं लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितेय.

काल मी महालक्ष्मीला गेले. वाटेत आई रिक्षात माझ्या शेजारी बसल्या होत्या, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि प्रकाश पुढे रिक्षावाल्याजवळ. आदल्या दिवशी मी प्रकाशला मध्ये घालून निरोप दिला होता, की नवस माझ्या तोंडून फुटला असेल तर देवीची माफी मीच मागायला हवी. आईंनी निरोप ऐकला, उठल्या आणि लुगडं बदलायला गेल्या.

जत्रा उठत आली होती. पाळणे उतरवायचं काम चाललं होतं, खेळण्यांची दुकानं अर्धी झाकलेली. भर दुपार, फरशी तापलेली. घरात गमी झाल्यामुळे वर्षभर आपल्याला देवळात पाय ठेवायचा नाही, म्हणून आम्ही बाहेरच उभे राहिलो, जिथून आतली समई दिसते तिथे. मी हात जोडून डोळे मिटले. आईंचं कोपर मला लागलं. त्यांनी प्रकाशकडे पाहून म्हटलं, “तिला सांग, मोठ्याने. मनात बोलली तर मला कसं समजणार?”

मी रिक्षात एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, गोलमोल, ज्यात खोटंही नसेल आणि खरंही नसेल. ते आठवेना. पुढे नारळवाला उभा होता, दोन बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, “आई महालक्ष्मी, माझा दीर तुला अळणीचा नवस बोलला होता.”

तुझ्या नावावर हे मी घातलं. तुला हवं तर भांड.

“तो त्याने कोणाला सांगितला नव्हता. मी सांगितला. माझ्या तोंडाने फुटला. त्याची चूक नाही, त्याच्या आईची नाही. माझी आहे. जे काय उरलं असेल ते माझ्याकडून घे, त्यांच्याकडून नको.”

बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने आपलं लेकरू जवळ ओढून घेतलं, दिराला खाल्लेली बाई म्हणून. मला वाटलं होतं मला फार जड जाईल, पण तसं काही झालं नाही. तुला धरता आलं नव्हतं. हे धरता येत होतं. प्रकाश तोंड फिरवून उभा होता, त्याला सगळं खरं माहीत आहे. त्याने मला खोटं पाडलं नाही, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्याचे पाय धुवायला तयार आहे, अर्थात त्याला हे सांगणार नाही.

आईंनी हात जोडले. मग खालची चिमूटभर माती कपाळाला लावली आणि रिक्षाकडे चालायला लागल्या.

घरी आल्यावर मी डाळ-भात केला, मांदेलीचं कालवण केलं. मीठ टाकताना माझं लक्ष आईंच्या पावलांकडे होतं, किती टाकलं ते कळलं नाही. पान वाढलं आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसले. बघायचं धाडस नव्हतं. पहिला घास गेला, दुसरा गेला. मग तुझ्या आईचा आवाज आला. प्रकाशला नाही, भिंतीला नाही, मला.

“किती खारट केलंस गं. पाणी दे.”